कळवावे सर्वांना, बोलवावे मोजक्यांना
पेढीच्या सामाईक दिनदर्शिकेचा शिष्टाचार

व्यापारी कुटुंबाच्या घरात पूर्वीपासून दोन प्रकारचे कागद नांदत आले आहेत. पहिला भिंतीवरचा. १९७३ साली जयंत साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले आणि पाहता पाहता ते मराठी घरांच्या भिंतीचा भाग झाले. त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहिला जातो, सिलिंडर कधी जोडला ते लिहिले जाते, एखाद्या पार्टीची उधारी कधी यायची ते लिहिले जाते आणि अष्टमी-चतुर्दशीही तेथेच पाहिली जाते. ज्याला गरज असेल तो भिंतीपाशी जातो, वाचतो आणि आपल्या कामाला लागतो. दुसरा कागद कुंकुमपत्रिकेचा. तिच्यावर नाव हाताने लिहिलेले असते, ती कोणीतरी घरी येऊन देते आणि हाती पडताच घेणाऱ्यावर एक जबाबदारी येते. जायचे की नाही हे त्याला ठरवावे लागते व जमणार नसेल तर तसे कळवावे लागते. भिंतीवरील नोंदीला कोणी उत्तर देत नाही. पत्रिकेची दखल न घेणे मात्र उपमर्द मानला जातो.

मोबाइलमधील सामाईक दिनदर्शिकेने हे दोन्ही कागद एकाच पडद्यावर आणून ठेवले. सोय मोठी झाली. दुकान एका गावी, वखार दुसरीकडे आणि मुले मुंबईत असली तरी सर्वांना एकच पान दिसू लागले. परंतु त्याचबरोबर एक घोटाळाही झाला. जे केवळ भिंतीवर लिहायचे, त्याचीही पत्रिका जाऊ लागली. ‘उद्या वखारीत गाडी येणार’ एवढे कळवायचे असताना सात जणांना बैठकीचे आमंत्रण जाते, सातही फोन वाजतात आणि प्रत्येकाला विचारले जाते, ‘आपण येणार का?’

हा घोटाळा यंत्राचा नाही. ज्यांनी या व्यवस्थेचे नियम बांधले, त्यांनी कळवणे आणि बोलावणे यांतील भेद आरंभीच ओळखला होता.

नियमांतच असलेला भेद

वेगवेगळ्या कंपन्यांच्या दिनदर्शिकांना एकमेकींशी बोलता यावे, यासाठी इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ हे मानक प्रसिद्ध केले. लोटस कंपनीचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन हे त्याचे लेखक. आरएफसी २४४५ या क्रमांकाचा हा दस्तऐवज पुढे २००९ साली सुधारून आरएफसी ५५४५ या क्रमांकाने निघाला. आज गुगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट या सर्वांच्या दिनदर्शिका याच भाषेत देवाणघेवाण करतात.

मूळ मानकासोबतच एक जोडदस्तऐवज निघाला होता. एक नोंद दुसऱ्याकडे कोणत्या हेतूने धाडली जाते, हे त्यात ठरवले आहे. प्रत्येक हेतूला स्वतंत्र नाव आहे. ‘पब्लिश’ म्हणजे केवळ प्रसिद्ध करणे. त्यात उत्तराची अपेक्षा नसते. ‘रिक्वेस्ट’ म्हणजे विनंती. घेणाऱ्याने होकार, नकार किंवा ‘सांगता येत नाही’ यांपैकी काहीतरी कळवावे अशी त्यात अपेक्षा असते. ते उत्तर ‘रिप्लाय’ या नावाने परत येते आणि बैठक रद्द झाल्यास ‘कॅन्सल’ या नावाने निरोप जातो. भिंतीवरची नोंद आणि कुंकुमपत्रिका यांतील फरक येथे तांत्रिक भाषेत जसाच्या तसा उतरला आहे.

वापरणाऱ्याच्या पडद्यावर हा भेद एका छोट्या चौकटीत दडलेला असतो. नोंद करताना ‘गेस्ट’ या रकान्यात कोणाचा ईमेल पत्ता लिहिला, की ती नोंद आमंत्रण होते. तो रकाना रिकामा ठेवला, की ती नोंदच राहते. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये तर नावेही निराळी आहेत. माणसे न जोडलेली नोंद ‘अपॉइंटमेंट’ आणि माणसे जोडताच तीच नोंद ‘मीटिंग’. बहुतेक नको असलेली आमंत्रणे या एका रकान्यातून निघतात.

एका पेढीचे उदाहरण

सांगलीतील हळदीच्या एखाद्या पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. समजा, तिघे भाऊ भागीदार आहेत. थोरले अप्पा आता सत्तरीकडे झुकले आहेत, परंतु महत्त्वाचा शब्द त्यांचाच. मधले काका मार्केट यार्डातील सौदे पाहतात, धाकटे काका वखार सांभाळतात. पुढच्या पिढीतील पुतण्याने हौसेने सर्वांच्या फोनवर दिनदर्शिका जोडून दिली आणि प्रत्येक नोंदीत सर्वांचे पत्ते घातले, कोणी वगळल्यासारखे वाटू नये म्हणून. हेतू निर्मळ. परिणाम मात्र असा, की अप्पांच्या फोनवर दिवसातून आठ-नऊ आमंत्रणे येऊ लागली: गाडीची आवक, वजनकाट्याची दुरुस्ती, दिवाणजींची रजा, विवरणपत्राची तारीख. चार दिवस त्यांनी प्रत्येकाला उत्तर दिले. पाचव्या दिवसापासून पाहणेच सोडले. आणि महिन्याभराने भागीदारीपत्र नव्याने करण्याच्या बैठकीचे आमंत्रण आले, तेही त्याच ढिगात बुडाले. बैठकीला अप्पा आले नाहीत. धाकट्यांनी त्याचा अर्थ नाराजी असा घेतला. अप्पांनी, ‘एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी कोणी तोंडाने सांगितलेसुद्धा नाही’ असा.

याच पेढीत आणखी एक गोष्ट घडू शकते. ‘अमुक पार्टीची थकबाकी, पुढील माल द्यावा की नाही’ अशी घरातल्या घरात चर्चा ठेवली जाते. पत्ता लिहिताना फोन पहिल्या दोन अक्षरांवरून नाव सुचवतो आणि घाईत काकांच्या ऐवजी त्याच नावाच्या त्या पार्टीचा पत्ता निवडला जातो. आमंत्रण क्षणात पोहोचते. नोंद पुसली तरी उपयोग नाही, कारण ईमेल गेलेला असतो. उलट रद्द झाल्याचा दुसरा निरोप जाऊन विषयाची पुन्हा आठवण करून देतो. दोन पिढ्यांचा व्यवहार, ज्यात एकमेकांची पत कधी उघड बोलली गेली नाही, तो एका बोटाच्या चुकीने अवघडतो. व्यापारात पत जपणे म्हणजे दुसऱ्याचीही पत जपणे. म्हणून या विषयाकडे निव्वळ तांत्रिक खटपट म्हणून पाहता येत नाही.

भिंत वेगळी उभारावी

उपाय साधा आहे. व्यक्तीची दिनदर्शिका वेगळी आणि पेढीची वेगळी असावी. गुगल कॅलेंडरमध्ये संगणकावरून नवी दिनदर्शिका निर्माण करता येते. तिला ‘पेढी’, ‘वखार’, ‘कर-तारखा’ अशी साधी नावे द्यावीत. मग तिच्या सेटिंगमध्ये जाऊन कुटुंबीयांना व कर्मचाऱ्यांना ती पाहण्याचा अधिकार द्यावा. ज्याच्याशी ती वाटली त्याला सुरुवातीला एकदाच ईमेल जातो. त्यानंतर तिच्यात कितीही नोंदी केल्या, तरी ‘गेस्ट’चा रकाना रिकामा असेल तर कोणालाही आमंत्रण जात नाही. नोंद मात्र सर्वांना दिसते.

अधिकार चार पायऱ्यांचे असतात. पहिल्या पायरीवरील व्यक्तीला फक्त वेळ मोकळी आहे की नाही एवढेच दिसते, तपशील दिसत नाही. दुसरीवर सर्व तपशील वाचता येतो. तिसरीवर नोंदी करता व बदलता येतात. चौथीवर दुसऱ्यांना अधिकार देता-काढता येतात. पेढीत तिसरी पायरी दोघा-तिघांपुरती आणि चौथी घरातल्या एक-दोन जबाबदार व्यक्तींपुरती ठेवावी. तिजोरीची किल्ली जशी प्रत्येकाच्या कमरेला नसते, तसेच हे. दिनदर्शिका सार्वजनिक करण्याच्या पर्यायाला हात लावू नये. तिचा गुप्त दुवाही जपूनच द्यावा, कारण तो ज्याच्या हाती पडेल त्याला सर्व नोंदी वाचता येतात. चुकून बाहेर गेला, तर तो बदलून घेण्याची सोय आहे.

या भिंतीवर काय लिहावे? ज्यासाठी कोणी जमायचे नाही, परंतु सर्वांना ठाऊक असावे असे सर्व काही. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांसाठी दर महिन्याच्या ११ तारखेचे जीएसटीआर-१ आणि २० तारखेचे जीएसटीआर-३बी; कापलेला टीडीएस भरण्याची पुढील महिन्याची ७ तारीख; अग्रिम आयकराचे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च हे चार हप्ते; कर्मचाऱ्यांच्या रजा, मालाची आवक, यार्ड बंद असल्याचे दिवस. शासनाने एखादी मुदत वाढवली, तर एकाने एकदा नोंद सुधारली की पुरे. ती दुरुस्ती सर्वांच्या पानावर मुकाट्याने उमटते. आपल्या संघाच्या पंचांगाप्रमाणे पर्वतिथी व पर्युषणाचे दिवस वर्षारंभी याच पद्धतीने नोंदवले, तर त्या दिवसांत बाहेरगावचा सौदा किंवा मोठी बैठक ठरवण्यापूर्वीच प्रत्येकाच्या ते लक्षात येते.

येथे एक शंका उद्भवते. आमंत्रण नाही, तर लोकांच्या लक्षात कसे राहणार? त्यासाठी सूचना पाहणाऱ्याच्या हाती आहेत. सामाईक दिनदर्शिकेतील नोंदींची आठवण किती वेळ आधी यावी, नवी नोंद झाल्यावर ईमेल यावा की नाही, हे प्रत्येकजण आपल्यापुरते ठरवू शकतो. वखार पाहणाऱ्याने गाडीच्या नोंदीची आठवण एक तास आधी लावावी; अप्पांना तिची गरजच नाही. अप्पांसाठी त्याहून चांगली सोय आहे. दिवसभराच्या कार्यक्रमाचा एकच ईमेल रोज पहाटे ५ वाजता मिळेल, असे सेटिंग करून देता येते. नऊ वेळा फोन वाजण्यापेक्षा सकाळी एकदा शांतपणे वाचणे त्यांच्या सवयीलाही धरून आहे.

बोलवायचे तेव्हा

ज्यांनी प्रत्यक्ष यावे, ज्यांच्याविना निर्णय होणार नाही, त्यांनाच आमंत्रण द्यावे. ते देताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पाहुणे जोडून नोंद जतन करताना गुगल विचारते, की ईमेल पाठवावा का. ‘पाठवू नका’ असे निवडले म्हणजे आमंत्रण गेलेच नाही, हा समज चुकीचा आहे. केवळ ईमेल थांबतो. समोरची व्यक्ती गुगल कॅलेंडर वापरत असेल, तर नोंद बहुधा तिच्या पानावर उमटतेच. म्हणून ज्याला बोलवायचे नाही त्याचे नाव रकान्यात लिहूच नये; ईमेल अडवण्यावर विसंबू नये.

एखाद्या गटाचा सामूहिक पत्ता रकान्यात लिहिला, तर गटातील प्रत्येक सदस्याला आमंत्रण जाते. ‘सर्व कर्मचारी’ असा गट असेल, तर तो लिहिण्यापूर्वी त्यात कोण कोण आहे हे पाहावे.

पाहुण्याला दुसऱ्यांना बोलवता येणे आणि पाहुण्यांची यादी दिसणे, या दोन्ही मुभा गुगलमध्ये आधीपासूनच चालू असतात. घरच्या बैठकीत त्याने काही बिघडत नाही. परंतु दोन वेगळ्या व्यापाऱ्यांना एकाच माल-प्रदर्शनाला बोलावले असेल, तर एकाचे नाव दुसऱ्याला दिसू नये म्हणून त्या बंद कराव्यात.

आमंत्रणाच्या मथळ्यात गुप्त मजकूर नसावा. तो मथळा फोनच्या बंद पडद्यावरही झळकतो आणि काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही दिसू शकतो. ‘थकबाकी’ याऐवजी ‘हिशेब’ एवढे लिहिले तरी जाणणारे जाणतात.

वडीलधाऱ्यांना आधी तोंडाने सांगावे, आमंत्रण मागाहून पाठवावे. फोनवरील नोंद ही आठवणीची सोय आहे. मानाची जागा तिने घेऊ नये.

बदल, नक्कल आणि मालिका

नको असलेले निरोप पहिल्या आमंत्रणापेक्षा नंतरच्या बदलांतून अधिक निघतात. नोंद बोटाने ओढून दुसऱ्या वेळेवर ठेवली, तर ती बदललेली बैठक ठरते आणि सर्व पाहुण्यांना पुन्हा कळवण्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणून वेळ, जागा आणि विषय पक्के झाल्यावरच पाहुणे जोडावेत. तोवर ती आपल्यापुरती नोंद ठेवावी. जुन्या नोंदीची नक्कल केली, तर जुने पाहुणेही सोबत येतात. मागील महिन्यात ज्या दलालाशी बैठक होती, तो या महिन्याच्या घरगुती बैठकीत अशाच वाटेने शिरतो. नक्कल केल्यावर सर्वांत आधी पाहुण्यांची यादी तपासावी.

दर आठवड्याच्या बैठकीत बदल करताना विचारले जाते: फक्त ही बैठक, ही व यापुढील, की सर्व? एका सोमवारी सुट्टी असेल, तर ‘फक्त ही’ निवडावे. घाईत ‘सर्व’ निवडले, की संपूर्ण मालिकेच्या बदलाचा निरोप प्रत्येकाला जातो.

मुंबईचे भारत डायमंड बोर्स आणि अँटवर्प यांच्यात व्यवहार असणाऱ्या कुटुंबांना यात आणखी एक अडचण असते. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात, भारतात बदलत नाहीत. भारतीय वेळेनुसार दुपारी ३.३० ला लावलेली बैठक अँटवर्पमध्ये उन्हाळ्यात १२ वाजता आणि हिवाळ्यात ११ वाजता पडते. मग कोणीतरी मालिका हलवतो आणि वर्षातून दोनदा सर्वांना नवी आमंत्रणे जातात. ज्या गावची वेळ स्थिर राहायला हवी, त्या गावचा टाइम झोन मालिका लावतानाच निवडला, तर हा व्याप टळतो.

आउटलुक वापरणाऱ्या कार्यालयांत रजेची नोंद हे नित्याचे दुखणे आहे. एकाने आपल्या रजेचे आमंत्रण दहा जणांना पाठवले, की त्या दहाही जणांच्या पानांवर तो दिवस ‘व्यस्त’ दिसू शकतो. रजा एकाची आणि अडकले सगळे. ती सामाईक दिनदर्शिकेत लिहावी हे उत्तम. सहकाऱ्यांच्या पानांवर पाठवणे आवश्यकच असेल, तर त्या नोंदीत वेळ ‘फ्री’ दाखवावी, आठवणीची घंटा बंद ठेवावी आणि उत्तर मागण्याचा पर्याय काढून टाकावा. स्वतःच्या पानावर ‘आउट ऑफ ऑफिस’ अशी दुसरी, पाहुणे नसलेली नोंद करावी.

अनोळखी पाहुणा

आमंत्रणाच्या या वाटेने परकेही येतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲपलच्या आयक्लाउड दिनदर्शिकेत सवलतीच्या जाहिरातींची आमंत्रणे असंख्य लोकांकडे गेली. नकार कळवावा, तर पाठवणाऱ्याला पत्ता चालू असल्याची खात्री पटे. त्यानंतर ॲपलने अशी नोंद ‘जंक’ म्हणून कळवण्याची सोय दिली. गुगलनेही २०२२ मध्ये ओळखीच्या व्यक्तींकडूनच आलेली आमंत्रणे आपोआप पानावर घेण्याचा पर्याय दिला. घरातील ज्येष्ठांच्या फोनवर हा पर्याय तरुणांनी आवर्जून लावून द्यावा. अनोळखी आमंत्रणातील दुव्यावर बोट ठेवू नये आणि नकारही देऊ नये. ते ‘स्पॅम’ म्हणून कळवून दूर करावे.

आपली वेळ राखण्याचा हक्क

सामाईक दिनदर्शिकेचा एक सौम्य उपयोग अद्याप अनेकांच्या लक्षात आलेला नाही. चौविहार पाळणाऱ्या व्यक्तीला सूर्यास्तापूर्वी भोजनाला उठावे लागते. कोणाची सकाळ सामायिकासाठी राखलेली असते. बैठक ऐन त्या वेळी ठेवली गेली, की संकोचाने गप्प बसावे लागते किंवा प्रत्येक वेळी कारण सांगावे लागते. त्याऐवजी आपल्या दिनदर्शिकेत त्या वेळेची रोजची खासगी नोंद करावी आणि सहकाऱ्यांना फक्त मोकळी-व्यस्त वेळ दिसेल एवढाच अधिकार द्यावा. कारण कोणाला दिसत नाही, वेळ मात्र राखलेली दिसते. आणि बोलावणाऱ्यानेही बैठक ठरवण्यापूर्वी ते पान पाहण्याची सवय ठेवावी.

दिवाळीत वहीपूजनाच्या सुमारास अनेक पेढ्यांत जुने हिशेब आवरले जातात. त्याच दिवसांत घरातील तरुणाने अप्पांच्या शेजारी बसून पेढीच्या दिनदर्शिकेवरूनही एकदा नजर फिरवावी. नोकरी सोडून गेलेल्यांचे अधिकार काढावेत, संपलेल्या कामांच्या चालू राहिलेल्या मालिका थांबवाव्यात, आणि उरलेल्या प्रत्येक आमंत्रणापुढील नावे वाचून प्रत्येकाविषयी विचारावे, ‘यांनी खरोखर यायला हवे का?’ जे नाव या प्रश्नाला उतरत नाही, त्याच्यासाठी भिंतीवरची नोंद पुरेशी आहे. मग ज्या दिवशी अप्पांच्या फोनवर आमंत्रण येईल, त्या दिवशी ते उघडून पाहतील.